विश्लेषण : सिंह मोकळे, माणसे जाळीआड! जॉर्ज अ‍ॅडमसन यांच्या ‘कोरा’ तळावरचे जगणे कसे होते?

मोबाइलवर फिरणारी एक जुनी चित्रफीत अनेकांनी पाहिली असेल. खडकाळ उतारावरून एक सिंह सावकाश खाली येतो. थबकतो, समोरच्या दोन लांब केसांच्या तरुणांना निरखतो आणि मग धावत येऊन मागच्या पायांवर उभा राहत थेट त्यांच्या गळ्यात पडतो. या सिंहाचे नाव ख्रिश्चन. चित्रीकरण १९७१ सालचे, केनियातील कोरा येथले. २००८ च्या सुमारास ते इंटरनेटवर आले आणि जगभर कोट्यवधी वेळा पाहिले गेले.

ही भेट ज्यांच्यामुळे घडली ते जॉर्ज अ‍ॅडमसन तेव्हा ६५ वर्षांचे होते. पिंजऱ्यात किंवा माणसाच्या घरात वाढलेल्या सिंहांना पुन्हा जंगलात राहायला शिकवण्याचे काम ते कोरा येथे करत होते. त्याच वर्षी, त्याच तळावर दुसऱ्या एका सिंहाने त्यांच्या सहायकाचा जीव घेतला आणि अ‍ॅडमसन यांनी त्या सिंहाला स्वतःच्या हाताने गोळी घातली. पहिली घटना जगाने पाहिली, दुसरी फारशी कुणाला ठाऊक नाही. कोरा समजून घ्यायचे तर दोन्ही एकत्र पाहाव्या लागतात.

जॉर्ज अ‍ॅडमसन कोण होते?

अ‍ॅडमसन यांचा जन्म भारतातला. ३ फेब्रुवारी १९०६ रोजी आजच्या उत्तर प्रदेशातील इटावा येथे ते जन्मले. वडील आयरिश, आई इंग्रज. धाकट्या भावाचे नाव टेरेन्स. शालेय शिक्षण इंग्लंडमधील चेल्टनहॅम येथे झाले आणि १९२४ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, ते केनियात वडिलांच्या कॉफीच्या मळ्यावर दाखल झाले.

मळ्यात त्यांचे मन रमले नाही. पुढची काही वर्षे त्यांनी हाताला लागेल ते केले. सोने शोधले, शेळ्यांचा व्यापार केला, मधमाश्यांच्या मेणाचा धंदा करून पाहिला, पैसे घेऊन परदेशी पाहुण्यांना शिकारीलाही नेले. यातल्या कशातच जम बसला नाही. अखेर १९३८ मध्ये केनियाच्या वन्यजीव खात्यात त्यांना नोकरी मिळाली. इसिओलो हे ठाणे आणि देशाच्या उत्तरेचा विस्तीर्ण, रखरखीत सीमाभाग हे कार्यक्षेत्र. रस्ते जवळपास नव्हतेच. उंटांचा तांडा घेऊन आठवडेच्या आठवडे फिरायचे, चोरट्या शिकारी पकडायचे आणि माणसांवर किंवा गुरांवर हल्ले करणारे सिंह मारायचे, असे कामाचे स्वरूप होते. पुढे सिंहांचा बाप म्हणून ओळखल्या गेलेल्या या माणसाने नोकरीच्या काळात अनेक सिंह मारले होते, हे विसरून चालत नाही.

१९४४ मध्ये त्यांनी जॉय यांच्याशी विवाह केला. ऑस्ट्रियन घराण्यात जन्मलेल्या जॉय या चित्रकार होत्या. केनियातील वनस्पती आणि तिथल्या विविध जमातींच्या लोकांची त्यांनी काढलेली चित्रे आजही महत्त्वाची मानली जातात.

एल्सामुळे काय बदलले?

१ फेब्रुवारी १९५६ रोजी एका नरभक्षक सिंहाच्या मागावर असताना अ‍ॅडमसन यांच्या अंगावर एक सिंहीण चालून आली. त्यांनी गोळी घातली. ती पडल्यावर लक्षात आले, की तिच्या आचळांत दूध आहे. जवळच्या खडकांच्या कपारीत तीन छावे सापडले. ते त्यांनी घरी आणले. दूध आणि कॉड माशाच्या यकृताचे तेल पाजून जॉय यांनी ते वाढवले. दोन मोठे छावे हॉलंडमधील रॉटरडॅमच्या प्राणिसंग्रहालयात गेले. सर्वांत लहान मादी घरीच राहिली. तिचे नाव एल्सा.

एल्सालाही संग्रहालयात पाठवायचे की जंगलात सोडायचे, हा प्रश्न होता. अ‍ॅडमसन दाम्पत्याने दुसरा पर्याय निवडला. माणसाच्या हातात वाढलेला सिंह जंगलात जगू शकत नाही, असेच तेव्हा समजले जाई. पहिला प्रयत्न फसला. नंतर मेरू भागात त्यांनी एल्साला शिकार करायला शिकवले. एल्साने एका रानातल्या सिंहाशी जोडी जमवली आणि डिसेंबर १९५९ मध्ये तीन पिल्लांना जन्म दिला. पिल्ले घेऊन ती स्वतःहून अ‍ॅडमसन यांच्या तळावर आली. जानेवारी १९६१ मध्ये गोचिडांतून होणाऱ्या बॅबेसिया या आजाराने एल्सा दगावली. तेव्हा ती जेमतेम पाच वर्षांची होती. आईविना राहिलेली पिल्ले गावकऱ्यांच्या शेळ्यांवर हल्ले करू लागली, म्हणून त्यांना पकडून सेरेंगेटीत नेऊन सोडावे लागले.

जॉय यांनी लिहिलेले ‘बॉर्न फ्री’ हे एल्साच्या आयुष्यावरचे पुस्तक १९६० मध्ये आले आणि जगभर गाजले. १९६६ मध्ये त्यावर चित्रपट आला. सिंह म्हणजे मारायचे जनावर, ही अनेकांची समजूत या गोष्टीने बदलली. अ‍ॅडमसन १९६१ मध्ये निवृत्त झाले होते. चित्रपटाच्या वेळी सिंह सांभाळण्याचे काम त्यांच्याकडे होते. चित्रीकरण संपल्यावर बहुतेक सिंह पुन्हा बंदिवासात गेले. ही गोष्ट त्यांना खटकली. बॉय, गर्ल आणि उगास हे तीन सिंह मात्र त्यांनी मागून घेतले आणि मेरूत सोडले. पुढच्या सगळ्या कामाची सुरुवात इथून झाली.

कोराच का निवडले?

१९६९ मध्ये बॉयने मेरू उद्यानाच्या अधिकाऱ्याच्या लहान मुलावर हल्ला केला. मूल वाचले, पण अ‍ॅडमसन यांना तिथला मुक्काम हलवावा लागला. पुढे बॉयचा पायही मोडला. त्यावर शस्त्रक्रिया करून हाडात पोलादी सळई घालण्यात आली आणि बरा होईपर्यंत त्याला नैवाशा येथील जॉय यांच्या घरी ठेवण्यात आले.

आता सिंह घेऊन जायचे कुठे? जिथे गावे, शेती आणि पर्यटक नाहीत अशीच जागा हवी होती. टाना नदीच्या दक्षिण काठावर कोरा नावाचा काटेरी झुडपांचा प्रदेश होता. पाऊस कमी, जमीन नापीक, अधूनमधून लालसर खडकांचे एकाकी डोंगर आणि नदीकाठी ताडासारख्या डूम वृक्षांची हिरवी पट्टी. अ‍ॅडमसन यांनी स्थानिक परिषदेकडून ही जमीन भाड्याने घेतली आणि १९७० मध्ये ते तिथे राहायला गेले. १९७३ मध्ये कोराला राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला. हे क्षेत्र साधारण पावणेदोन हजार चौरस किलोमीटरचे आहे.

दक्षिण आफ्रिका, नामिबिया या देशांत गेम फार्म ही पद्धत रुजलेली आहे. खासगी जमिनीला कुंपण घालायचे, आत वन्यप्राणी राखायचे आणि पर्यटन, मांस किंवा शिकार यांतून उत्पन्न मिळवायचे, असा तो व्यवसाय असतो. कोराही भाड्याची जमीन होती, पण तिथे हिशेब उलटा होता. उत्पन्न नव्हते, खर्चच होता. आणि कुंपण होते ते माणसांभोवती.

तळ कसा होता?

या तळाचे नाव ‘काम्पी या सिम्बा’, म्हणजे स्वाहिली भाषेत सिंहांचा तळ. तो उभारला टेरेन्स यांनी. त्यांना ना स्थापत्याचे शिक्षण होते ना सिंहांचे प्रेम. त्यांचा जीव हत्तींवर आणि झाडांवर होता. तरी भावासाठी त्यांनी या झुडपी रानात मजूर घेऊन मैलोन्‌मैल कच्चे रस्ते काढले, विमान उतरण्यासाठी धावपट्टी साफ केली आणि झोपड्या बांधल्या.

झोपड्यांची छपरे डूमच्या झावळ्यांची, भिंती गोणपाटावर सिमेंट थापून केलेल्या. भोवती दोन पुरुष उंचीची तारेची जाळी. रात्री सिंह या जाळीला अंग घासत बाहेर झोपत आणि आत माणसे झोपत. जेवणाची खोली एका बाजूने उघडी. तिथेच टेबल, टंकलेखन यंत्र, रॉकेलवर चालणारा फ्रिज आणि नैरोबीशी बोलण्यासाठी रेडिओ संच. शौचालयात बैठक म्हणून हत्तीच्या जबड्याचे हाड बसवलेले. वीज नाही, नळ नाही. पाणी नदीवरून गाडीने आणावे लागे. दुपारी उन्हाचा तडाखा असा, की हालचाल बंद. अ‍ॅडमसन यांचा पोशाख म्हणजे बहुधा एक हाफपँट आणि चपला. पांढरी दाढी, उघडे अंग, तोंडात पाइप, हीच त्यांची छबी पुढे जगभर ओळखीची झाली.

दिवस कसा जायचा?

दिवस पहाटे सुरू होई. चहा घेताना कान लावून ऐकायचे, कोणत्या दिशेने डरकाळी येते. मग जाळीबाहेर जाऊन वाळूत उमटलेले ठसे वाचायचे. रात्री कोण आले, किती जण होते, कोणी लंगडत होते का, सोबत रानातला परका सिंह होता का, हे ठशांवरून कळे. अ‍ॅडमसन यांची निम्मी आयुष्यभराची विद्या या ठशांत होती.

उजाडले की दाणे टिपायला निळ्या छातीच्या गिनी कोंबड्यांचा थवा हजर होई. हॉर्नबिल म्हणजे आपल्याकडच्या धनेशाचे आफ्रिकी भाऊबंद. ते जेवणाच्या टेबलावर उतरत आणि ताटातले उचलून नेत. खारी पायांशी घुटमळत. डोमकावळे मांसाचे तुकडे हवेतच झेलत. सशाएवढी डिकडिक हरणे तळाच्या आसपास बिनधास्त चरत. साप निघणे नित्याचे. स्वयंपाकी हमिसी यांच्या हातचे साधे जेवण आणि त्यात या सगळ्या पाहुण्यांचा वाटा, असे दुपारचे दृश्य असे.

छावे लहान असतील तेव्हा सकाळचा मुख्य कार्यक्रम म्हणजे त्यांना फिरायला नेणे. खांद्याला रायफल, हातात काठी आणि मागेपुढे छावे. दिशा बहुधा टाना नदीची. वाटेत छावे एकमेकांवर दबा धरत, झाडावर चढत, हत्ती किंवा गेंड्याचा वास आला की थिजत. नदीत मगरी आणि पाणघोडे असल्याने काठावर सावध राहावे लागे. दुपारी सगळे एखाद्या झाडाखाली आडवे. अ‍ॅडमसनही त्यांच्यातच, टोपी तोंडावर घेऊन. ऊन कलले की परतीची वाट.

मोठे झालेले सिंह आले नाहीत तर गाडी घेऊन त्यांना शोधायचे, कर्ण्यातून हाका मारायच्या. कोणाच्या अंगात साळिंदराचे काटे रुतलेले असत, कोणी रानातल्या सिंहांशी झालेल्या मारामारीत जखमी असे. औषधपाणी तिथेच. टेरेन्स यांचा आणखी एक छंद होता. नकाशावर लोलक धरून तो कसा हलतो यावरून हरवलेले सिंह कुठे आहेत हे ते सांगत. जॉर्ज यांचा त्यावर बराच विश्वास होता.

सूर्यास्ताला मद्याचा एक पेला, मग कंदिलाच्या उजेडात रोजनिशी. कोणता सिंह दिसला, काय खाल्ले, कोणाशी भांडला, असे सगळे त्यात असे. निमंत्रण नसताना येणारे पाहुणेही बरेच असत आणि त्यांना सहसा परत पाठवले जात नसे.

सिंहाला जंगल ‘शिकवायचे’ म्हणजे काय?

दबा धरणे, पाठलाग करणे, झडप घालणे या गोष्टी छाव्याच्या अंगातच असतात. त्या शिकवाव्या लागत नाहीत. अडचण वेगळीकडे असते.

पहिली गोष्ट, शिकार नेमकी मारायची कशी हे सरावाने येते. रानातले छावे साधारण वर्षाचे होईपर्यंत आईसोबत शिकारीत उतरू लागतात आणि दोन वर्षांच्या आसपास स्वतंत्र होतात. अनाथ छाव्याला हा काळ मिळत नाही. अ‍ॅडमसन यांनी तो काळ मिळवून दिला. आईऐवजी एक माणूस सोबत चालत होता, एवढाच फरक.

दुसरी गोष्ट कळपाची. एकटा सिंह रानात फार टिकत नाही. वेगवेगळ्या ठिकाणांहून आलेल्या, एकमेकांना अनोळखी असलेल्या छाव्यांचा कळप जमवणे हे खरे कौशल्याचे काम होते. म्हणून मोठ्या बॉयभोवती लहान सिंहांना जमवण्यात आले.

तिसरी गोष्ट हद्दीची. कोरात रानातले सिंह आधीपासून होते आणि त्यांना हे परके नको होते. काही सिंह त्यांच्याशी झालेल्या झुंजींत गेले, तर काहींनी त्यांच्यातल्याच माद्यांशी जोड्या जमवल्या. सिंहाने तळावर येणे कमी केले, की काम जमले असे अ‍ॅडमसन मानत. ज्याच्यासाठी वर्षे घालवली तो दिसेनासा होणे, हेच या कामातले यश होते.

ख्रिश्चन आणि बॉय यांचे काय झाले?

ख्रिश्चनचा जन्म १९६९ मध्ये इंग्लंडमधील एका प्राणिसंग्रहालयातला. जॉन रेंडल आणि एस बर्क या दोन ऑस्ट्रेलियन तरुणांनी त्याला लंडनच्या हॅरॉड्स या बड्या दुकानातून विकत घेतले. तेव्हा तिथे असे प्राणी विकत मिळत. फर्निचरच्या दुकानाच्या तळघरात तो वाढला आणि जवळच्या चर्चच्या बंदिस्त आवारात खेळला. तो झपाट्याने वाढू लागल्यावर दोघांपुढे प्रश्न उभा राहिला. ‘बॉर्न फ्री’ चित्रपटात अ‍ॅडमसन दाम्पत्याची भूमिका करणारे बिल ट्रॅव्हर्स आणि व्हर्जिनिया मॅकेना यांच्याशी गाठ पडली आणि त्यांच्यामार्फत ऑगस्ट १९७० मध्ये ख्रिश्चन कोराला पोहोचला.

बॉयने त्याला सहज स्वीकारले नाही. अनेकदा अंगावर धावून गेल्यावर आणि ख्रिश्चनने प्रत्येक वेळी लोळण घेऊन शरणागती पत्करल्यावर हळूहळू दोघे एकत्र राहू लागले. सोबतीला आणलेली कटानिया ही लहान मादी मात्र टाना नदीपाशी नाहीशी झाली. तिला बहुधा मगरीने ओढून नेले.

जून १९७१ मध्ये स्टॅन्ली नावाचा तळावरचा सहायक जाळीबाहेर गेला असताना बॉयने त्याच्यावर झडप घातली. किंकाळ्या ऐकून अ‍ॅडमसन रायफल घेऊन धावले. त्यांनी बॉयला गोळी घातली, पण स्टॅन्लीचा रक्तस्राव थांबला नाही. काही मिनिटांत त्याचा मृत्यू झाला. ज्या सिंहाचा पाय वाचवण्यासाठी एवढी धडपड केली, जो नव्या कळपाचा आधार होता, त्याचा शेवट असा झाला. बॉयविना उरलेला कोवळ्या वयाचा ख्रिश्चन रानातल्या सिंहांपुढे एकटा पडला. तरी तो जगला, वाढला. जुन्या मालकांची गाजलेली भेट त्याच वर्षीची. १९७२ मध्येही ते एकदा भेटले. १९७३ च्या सुरुवातीला ख्रिश्चन शेवटचा दिसला. त्यानंतर तो कुठे गेला, हे कोणालाही कळले नाही.

आणखी कोणी किंमत मोजली?

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला टोनी फिट्झजॉन हा इंग्रज तरुण मदतनीस म्हणून आला आणि पुढे अनेक वर्षे राहिला. गाड्या दुरुस्त करणे, पैसे जमवणे, सिंह शोधणे हे सगळे तो करू लागला. १९७५ मध्ये एका सिंहाने त्याची मान आणि खांदा फाडला. वृद्ध अ‍ॅडमसन काठी घेऊन ओरडत धावले, म्हणून तो वाचला. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला टेरेन्स यांच्या चेहऱ्याचा एका सिंहाने चावा घेतला. यानंतर नवे सिंह आणण्यास सरकारने मनाई केली. तळ चालू राहिला, पण मुख्य काम काही वर्षे थांबले. १९८६ मध्ये टेरेन्स यांचे निधन झाले.

जॉय यांचे आयुष्य तोवर वेगळ्या वाटेने गेले होते. दोघांचे फार पटत नसे. ते बहुतेक काळ वेगळेच राहिले. जॉय यांनी मेरूत पिप्पा नावाची मादी चित्ता, तर शाबा येथे पेनी नावाची मादी बिबट्या सांभाळून मोकळी केली. ३ जानेवारी १९८० रोजी शाबातच त्यांचा मृतदेह सापडला. आधी सिंहाने मारल्याची बातमी पसरली. प्रत्यक्षात तो खून होता आणि कामावरून काढलेल्या एका माणसाला त्यासाठी शिक्षा झाली.

आक्षेप काय होते?

अ‍ॅडमसन यांच्यावर टीका करणारे त्यांच्या हयातीतही बरेच होते. माणसाची सवय झालेल्या सिंहाची भीती मोडते आणि तोच पुढे धोकादायक ठरतो, हा पहिला आक्षेप. स्टॅन्लीच्या मृत्यूनंतर तो खोडून काढणे अवघड होते. दुसरा आक्षेप विज्ञानाचा. सिंहांना मोकळे करण्याने सिंहांची संख्या वाचत नाही. जागा आणि सावज टिकले तर सिंह आपोआप टिकतात. मोजक्या सिंहांवर एवढे श्रम आणि पैसा कशाला, असे हे म्हणणे. तिसरा मुद्दा माणसांचा. कोराच्या आसपास ओर्मा आणि सोमाली पशुपालक राहत. दुष्काळात गुरे आणि उंट घेऊन नदीकडे येणे हा त्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा मार्ग. ज्या प्रदेशाला बाहेरचे लोक ओसाड समजत, तो या लोकांसाठी अडीअडचणीचा चारा होता.

अ‍ॅडमसन यांची बाजू एका साध्या विश्वासावर उभी होती. प्रत्येक सिंह वेगळा आहे, त्याला स्वभाव आहे आणि जन्मभर पिंजऱ्यात राहण्यापेक्षा दोन वर्षे मोकळे जगणे त्याच्यासाठी बरे. शिवाय सिंह आहेत म्हणून कोराला संरक्षण आहे, हेही त्यांना कळत होते. तळ उठला असता तर गुरे आणि बंदुका लगेच आत आल्या असत्या.

शेवटच्या दिवशी काय घडले?

कोराला खरा धोका सिंहांपासून कधीच नव्हता. केनियात १९७७ मध्ये शिकारीवर बंदी आली, तरी हस्तिदंताची मागणी वाढतच होती. सत्तरच्या दशकात दीड लाखाहून अधिक असलेले केनियातील हत्ती १९८९ पर्यंत वीस हजारांच्या आसपास उरले. कोरातले गेंडे तर संपलेच. सोमालियाच्या बाजूने येणाऱ्या, स्वयंचलित बंदुका बाळगणाऱ्या टोळ्यांना तिथे शिफ्ता म्हणतात. त्यांचा वावर तळाच्या आसपास वाढला. मित्रांनी तळ सोडण्याचा सल्ला दिला. अ‍ॅडमसन हलले नाहीत. ऐंशी ओलांडल्यावर त्यांना पुन्हा लहान छावे सांभाळण्याची परवानगी मिळाली होती.

१८ जुलै १९८९ रोजी नैरोबीत अध्यक्ष डॅनियल अराप मोई यांनी सुमारे १२ टन हस्तिदंताची होळी केली. हस्तिदंताच्या व्यापाराविरुद्ध जगाला दिलेला तो इशारा होता. त्यानंतर जेमतेम महिन्याने, २० ऑगस्ट रोजी, कोराच्या धावपट्टीकडे गेलेल्या गाडीला हल्लेखोरांनी अडवले. तळावरचा एक कर्मचारी आणि एक पाहुणी महिला त्यांच्या तावडीत सापडली. गोळ्यांचा आवाज ऐकून ८३ वर्षांचे अ‍ॅडमसन काही सहकाऱ्यांना घेऊन गाडीतून निघाले. समोर हल्लेखोर दिसल्यावर त्यांनी गाडी थांबवली नाही, थेट त्यांच्या अंगावर घातली. पाहुणी महिला वाचली. अ‍ॅडमसन आणि त्यांचे दोन केनियन सहकारी गोळीबारात ठार झाले. त्यांना कोरातच, टेरेन्स यांच्याशेजारी आणि त्यांच्या लाडक्या सिंहाच्या थडग्याजवळ पुरण्यात आले. ऑक्टोबर १९८९ मध्ये हस्तिदंताच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदीचा निर्णय झाला. कोराला पुढे राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला.

मागे राहिलेल्या छाव्यांचे काय झाले?

अ‍ॅडमसन यांच्या मृत्यूनंतर तीन छावे उरले होते. गॅरेथ पॅटरसन या तरुण अभ्यासकाने त्यांना बोत्स्वानाच्या तुली भागात नेले आणि अ‍ॅडमसन यांच्याच पद्धतीने मोकळे केले. त्यातला बटियान हा नर दोन वर्षांतच सीमेपलीकडे दक्षिण आफ्रिकेच्या हद्दीत आमिष दाखवून नेला गेला आणि शिकाऱ्याच्या गोळीला बळी पडला.

हा प्रश्न आजही संपलेला नाही. दक्षिण आफ्रिकेत हजारो सिंह खासगी फार्मवर बंदिस्त आहेत. लहान असताना पर्यटकांनी कुरवाळायचे, मोठे झाल्यावर कुंपणातच शिकाऱ्यापुढे सोडायचे, असा धंदा तिथे वाढला. २०२४ मध्ये तिथल्या सरकारने तो टप्प्याटप्प्याने बंद करण्याच्या धोरणाला मान्यता दिली. माणसाने वाढवलेल्या सिंहाचे पुढे काय करायचे, हा अ‍ॅडमसन यांच्यापुढचा प्रश्न आता हजारपटीने मोठा झाला आहे आणि एवढ्या सिंहांना मोकळे सोडण्यासाठी जागा उरलेली नाही.

त्यांचा वारसा आज कुठे दिसतो?

पद्धत बदलली आहे. प्राणी सोडताना माणसाचा संपर्क शक्य तितका टाळायचा, हा आज सर्वमान्य नियम आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये नामिबियातून मध्य प्रदेशातील कुनो येथे आणलेले चित्ते आधी लहान, मग मोठ्या कुंपणात ठेवून नंतर टप्प्याटप्प्याने मोकळे करण्यात आले. त्यांच्यासोबत फिरायला कोणी गेले नाही. मात्र प्राण्याला नव्या जागेशी जुळवून घ्यायला वेळ द्यावा लागतो, ही समज अ‍ॅडमसन यांनी कोरात वर्षानुवर्षे वापरून दाखवली होती. मॅकेना आणि ट्रॅव्हर्स यांनी उभारलेली ‘बॉर्न फ्री’ संस्था बंदिवासातील प्राण्यांसाठी आजही काम करते. आफ्रिकेत मात्र रानातले सिंह आता २० ते २५ हजारांच्या दरम्यानच उरल्याचा अंदाज आहे.

ज्या इटावात अ‍ॅडमसन जन्मले, तिथे आता सफारी पार्क आहे. २०१९ मध्ये ते पर्यटकांसाठी खुले झाले. गुजरातच्या सिंहांच्या वंशातले सिंह तिथे कुंपणात राहतात आणि माणसे गाडीत बसून त्यांना पाहतात. गीर आणि आसपासच्या भागात २०२५ च्या गणनेनुसार ८९१ सिंह मोकळे आहेत. तिथेही गुरे, गावे आणि सिंह यांच्यात रोजचा हिशेब चालतो. ख्रिश्चनची चित्रफीत पुन्हा मोबाइलवर आली, तर गळ्यात पडणाऱ्या सिंहाबरोबर त्याच वर्षी गेलेला स्टॅन्लीही लक्षात ठेवायला हवा. त्याच्याविना कोराची गोष्ट पुरी होत नाही.